चाचींच्या गच्चीवरची पांढरी केबल

मैत्रिणींनो, आज सकाळी घरी फायबरचं कनेक्शन घेतलं. बसवणारे दादा म्हणाले, "बाहेरून न्यायची तर जाड काळी केबल घ्या." भिंतीवर काळी रेघ नको म्हणून मी पातळ पांढरी निवडली आणि शेजारच्या शबानाचाचींच्या गच्चीवरून ओढून घेतली. त्यांना विचारलंसुद्धा नाही.

दुपारी चाचींनी तिच्यावर ओली गोधडी वाळत टाकली. केबल तुटली.

त्या धावतच आल्या. "बेटी, मले वाटलं तू माह्यासाठी नवी दोरी बांधून देली! माफ कर वं, तुहं नुकसान झालं."

मी म्हणाले, "असू द्या, चाची."

चूक माझी, आणि मीच त्यांना माफ करून मोकळी झाले. त्या मान खाली घालून गेल्या.

आता जाऊन खरं सांगायचंय, पण पाय उचलत नाही. तुम्ही सुरुवात कशी केली असती?