भुईत घर करणारी शेजारीण

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, एकटीला कंटाळा नाही येत?" म्हणून आज एका एकट्या बाईची ओळख करून देते. अख्ख्या नागपुरात माझ्याहून शिस्तीची एवढी एकच बाई मी पाहिली, आणि ती गांधीलमाशी होती.

तुमचे बाबा तेव्हा माझ्या पोटात होते. ती आमच्या अंगणात राहायला आली. काळा पोशाख, पोटावर संत्र्याच्या सालीसारखा पट्टा, कंबर तर शिंप्याला माप घ्यायला सापडली नसती. नवरा नाही, सासर नाही, पोळं नाही. ऊन आलं की गुणगुणत माती उकरायची आणि पायांनी मागे फेकायची. मग एखादा नाकतोडा डंख मारून लुळा करायचा, मिशीला धरून ओढत आणायचा, दारात ठेवायचा आणि आधी आत जाऊन घर तपासायचं. तेवढ्यात तुमचे आजोबा नाकतोडा चार बोटं मागे सरकवत. ती बाहेर येई, त्याला पुन्हा दारात आणी आणि पुन्हा तपासणीला आत. आजोबांना ऑफिसला उशीर झाला, तिला नाही.

"तुझ्याच माहेरची दिसते," ते म्हणाले. "कुलूप ओढून पाहिल्याशिवाय तूही रिक्षात बसत नाहीस."

अखेर नाकतोडा आत गेला. ती त्याच्यावर अंडं घालते; नाकतोडा म्हणजे पिल्लाची शिदोरी. मग दार बुजवून, डोक्यानं माती ठोकून ती निघून गेली. पिल्लाचं तोंड ती कधी पाहत नाही.

त्याच आठवड्यात आजोबांनी अंगणात फरशी घालायला मिस्त्री बोलावला. सारवायला येणारी कौसाबाई आडवी आली.

"काहून बुजवता, साहेब? बाईले दिवस गेले, अन् तुमी कुंभारणीच्या घरावर फरशी टाकून राहिले?"

आजोबा माझ्याकडे वळले. "तू प्राणिशास्त्र शिकलीस. ही कुंभारीण आहे?"

घरात कुणाला दिवस गेले असतील तर कुंभारणीचं घर मोडत नाहीत, अशी समजूत. खरी कुंभारीण माशी भिंतीवर चिखलाचं घर बांधते. ही जमीन खणते. परीक्षेत मी दोघींचा फरक पानभर लिहिला असता. पण फरशीखालून ते पिल्लू वर येणार कसं?

"कुंभारीणच आहे," मी म्हटलं.

"ऐकलं का गा?" कौसाबाई मिस्त्रीला म्हणाली. "तेवढी जागा सोड."

पिल्लू बाहेर आलेलं मी पाहिलं नाही. तुमच्या बाबांना घेऊन मी माहेरी होते. आजोबा शेवटपर्यंत तिला कुंभारीणच म्हणत. आता तेही नाहीत, कौसाबाईही नाही. एका फरशीएवढी ती जागा अजून मातीचीच आहे, आणि भाद्रपदात ऊन पडलं की तिथं कुणीतरी खणत असतं.