आधी रेघ, मग खुर्ची

प्रा. गजानन वैरागडे सरांची आणि माझी पहिली भेट वर्गाच्या दारात झाली. माझी उमरेडहून येणारी एसटी उशिरा पोचली होती. रागावण्याऐवजी सरांनी मला थेट फळ्यापाशी बोलावलं. "दोन देश एका बेटासाठी भांडताहेत. तुम्हाला कोणाचं पटतं?" मी एकाचं नाव घेतलं. "छान. आता दुसऱ्याची बाजू मांडा, त्याला स्वतःला पटेल अशी." सरांच्या वर्गाचा हा रिवाजच होता. मला घाम फुटला. आज मी विद्यापीठाच्या त्याच राज्यशास्त्र विभागात शिकवते आणि विद्यार्थ्यांना तसाच घाम फोडते.

सरांनी उभं आयुष्य एका प्रश्नाला दिलं: देश एखाद्या मोठ्या संघात सामील झाले की त्यांचे सीमेचे वाद मिटतात का? तरुणपणी त्यांचं उत्तर 'होय' असं होतं. बाजार एक, कायदा एक, येणं-जाणं मोकळं. मग रेघ इकडे की तिकडे हे कोण विचारतो, असं ते लिहीत. हे मत त्यांना उमरेडजवळच्या दोन गावांत महागात पडलं.

सावरटोला आणि पिंपळझरी यांच्या मध्ये एक गुरचरण आहे. ते कोणाचं, यावरून दरवर्षी लाठ्या निघत. पिंपळझरीला सावरटोल्याच्या गट ग्रामपंचायतीत यायचं होतं, कारण नळयोजना तिथे होती. सावरटोल्याचे लोक म्हणाले, आधी गुरचरणाची मोजणी करून रेघ ठरवा, मग प्रवेश. मध्यस्थ सर होते. त्यांनी समजूत घातली, "आधी एकत्र या. एका छताखाली बसलात की वाद आपोआप निवेल." लोकांनी ऐकलं. पिंपळझरी आत आली, नळ आले, आणि मोजणीचा ठराव दर सभेत पुढे ढकलला जाऊ लागला. सरांनी कारण विचारलं तेव्हा पिंपळझरीच्या सदस्य शेवंताबाई म्हणाल्या, "आता काहून हलू जी आम्ही? दारात होतो तवा मान वाकवली असती. आता तं आमाले खुर्ची भेटली."

सरांनी हे बोलणं पुढच्या पुस्तकात घेतलं आणि त्याखाली आपली चूक स्वच्छ कबूल केली: वाद मिटवायचा खरा जोर संघाच्या दारात असतो, आत घेतल्यावर तो ओसरतो. आमच्या विद्वानांच्या जगात असं सहसा कोणी करत नाही. आम्ही चुका तळटीपेत पुरतो.

पण पुस्तक लिहून सर मोकळे झाले नाहीत. दर सोमवारी हुडकेश्वरच्या घरून निघून ते त्या गावांत जात राहिले. गुडघे कुरकुरू लागले, घरी सरांच्या पत्नी, आमच्या काकू, वैतागल्या, आणि खरं सांगायचं तर आम्ही शिष्यही वैतागलो. सोबत जावं तर तोच चहा, तीच हमरीतुमरी, तोच तहकूब ठराव. परतीच्या एसटीत मी एकदा चिडून विचारलं, "सर, मिळालं काय?" ते डोळे मिटून म्हणाले, "लाठी निघाली नाही, बाई. भांडण तहकूब होतं, डोकी फुटत नाहीत. एकत्र आल्यानं एवढं होतं. ते थोडं नाही, पण माणूस दमतो फार."

माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा याच दमलेल्या माणसानं माझे तास घेतले, आणि वर सीताबर्डीला बस बदलून डबा आणला. येतो म्हणून ते कधी कळवत नसत. कळवलं असतं तर मी नको म्हटलं असतं.

यंदा उन्हाळ्यात सरांनी वर्गातला तो रिवाज गावच्या सभेत लावला. हे सुचायला इतकी वर्षं का लागली, असं ते स्वतःलाच विचारतात. शेवंताबाईंना सावरटोल्याची बाजू मांडायची होती. त्या पदर खोचून उठल्या. "त्याइचे ढोरं पावसाळ्यात जातीन कुठं? त्याइच्या अंगानं सारा चिखल, तळं आमच्या अंगानं, चढ आमच्या अंगानं. त्याइच्या जागेवरून पाहिलं तं आम्हीच अडवून राहिलो ना गा!" बोलून त्या खाली बसल्या, आणि मोजणीसाठी पहिला हात त्यांचाच वर गेला. त्या सभेत मोजणीचा ठराव मंजूर झाला. अट एकच: मोजणीच्या दिवशी सर रेघेवरून चालतील, नाहीतर रेघ मान्य नाही. यावर मात्र दोन्ही गावांचं एकमत.

मोजणीचा दिवस अजून ठरलेला नाही. सरांनी पंच्याहत्तरी गाठली आहे, हातात काठी आली आहे. मोजणी होईपर्यंत ते जगोत, अशी इच्छा करणं सोपं आहे. या दोन गावांना ओळखणारा सांगेल, तेवढ्यात शंभरी सहज पार होईल. पण मला ते पुरत नाही. मोजणी याच हिवाळ्यात व्हावी, सरांच्या गुडघ्यांनी तेवढी रेघ साथ द्यावी, आणि पुढच्या सोमवारी त्यांना जायला कुठलंच गाव उरू नये. मग कितीतरी वर्षांचे सोमवार त्यांनी धडधाकट प्रकृतीनं, काकूंसमोर चहा घेत घरी काढावेत. दमलेत हो आमचे सर.