विहिरीत पाणी आहे तोवर

सावेडीला तेव्हा कुणी हौसेने राहायला जात नसे. नगर शहर संपलं की ज्वारीची रानं, विहिरी आणि मधूनच एखादा बंगला. अशा ठिकाणी, कांदा साठवायच्या एका खोलीत, काकांनी आपला स्टुडिओ थाटला होता. सगळे त्यांना काकाच म्हणत. नात्याने ते आमचे कुणीच लागत नव्हते. आधी त्यांचं शहरात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथेच एक जुनं टेपचं यंत्र घेऊन त्यांनी गाणी रेकॉर्ड करायला सुरुवात केली, पण टांगे, हातगाड्या आणि शेजारच्या भांडीवाल्याची ठोकाठोक प्रत्येक गाण्यात हजेरी लावून जायची. मग हा माणूस चालतं दुकान बंद करून शांतता शोधत रानात गेला. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. मला ते पहिल्या भेटीतच आवडले.

मी तेव्हा नगरला मास्तरकीचं शिक्षण घेत होते. आमच्या वर्गाचं समूहगीत रेकॉर्ड करायला म्हणून तिथे पहिल्यांदा गेले. भिंतींना गोधड्या आणि गोणपाट ठोकलेले, वास अजून कांद्याचाच, आणि दारावर पत्र्याची पाटी: ‘चपला बाहेर. बांगड्या उतरवून आत यावे.’ भजनी मंडळं, सनईवाले, निवडणुकीला उभे राहिलेले पुढारी, सगळे त्या खोलीत येऊन गेले. ऐकायलाही पुन्हा तिथेच यावं लागे, कारण तसं यंत्र दुसऱ्या कुणाकडे होतंच कुठे? काका चहा पाजत आणि ऐकवत. त्यांची एक खोड होती. गाणं संपलं तरी ते यंत्र लगेच बंद करत नसत. टाळांचा नाद पुरता विरून गेल्यावरही फीत जराशी फिरू देत. महागाची फीत फुकट घालवतात म्हणून मंडळी हसायची. गाणाऱ्याने तोंड मिटलं म्हणजे गाणं संपलं असं नसतं, एवढंच काका म्हणायचे.

दादा, म्हणजे माझे वडील, तिसगावला शेती करत आणि गावच्या भजनाला पुढे असत. त्यांनी देवळात सुरुवात केली की अर्धं गाव घरी बसून ऐकायचं. त्या हिवाळ्यात त्यांच्या घशात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: ऑपरेशन केलं तर माणूस वाचेल, पण आवाज राहणार नाही. दादांनी मान हलवली आणि परत औत कधी धरता येईल ते विचारलं. मला त्यांचा इतका राग आला की परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी बोललेच नाही. आवाज जाणार होता त्यांचा आणि जीव तुटत होता माझा. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी मी हट्टाने त्यांना काकांकडे नेलं.

दुपारी चारच्या सुमाराला दादा माईकसमोर मांडी घालून बसले. गावचे पखवाजवाले सोबत आले होते. टाळ दादांच्याच हातात. आवाजाला खरखर आली होती, पण दुसऱ्या कडव्याला तो मोकळा झाला आणि मी गोधडीच्या भिंतीला टेकून डोळे मिटले. काकांनी लगेच रेकॉर्डिंग ऐकवलं. उत्तम उतरलं होतं. शेवटची ओळ संपताच दादा “बरं हाय” एवढं म्हणून उठले आणि आम्ही निघालो.

ऑपरेशन झालं. दादा वाचले, आणि आमचं घर गप्प झालं. महिन्याभराने एका सकाळी मी एकटीच सावेडीला गेले, दादांना ऐकायला. काकांनी फीत लावली, तर आतून दहा वर्षांच्या पोराचा चिरका, घाईघाईचा आवाज आला. पखवाज पत्र्याच्या डब्यासारखा वाजत होता. काकांनी यंत्र उघडलं, पुसलं, पट्टा बदलला, पुन्हा लावलं. तोच पोर. माझा तोल गेला. “आता कुणाला परत गायला बसवू, काका?” मी विचारलं. ते वाक्य मला आजही बोचतं.

आठ दिवसांनी त्यांचं पोस्टकार्ड आलं. चूक माझी, असं त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. त्या दुपारी आसपासच्या विहिरींवर पाणी उपसायच्या मोटारी सुरू होत्या, त्यामुळे विजेचा दाब उतरला आणि यंत्र हळू फिरलं. लगेच ऐकलं तेव्हाही ते तितकंच हळू फिरत होतं, म्हणून फरक कळला नाही. सकाळी पूर्ण दाबावर तीच फीत पळायला लागली. मोटारी चालू असताना लावली, की आवाज जागेवर येतो. चार दिवस दुपारी लावून पाहिलंय. शेवटी लिहिलं होतं, “वडिलांना घेऊन दुपारी या. विहिरीत पाणी आहे तोवर या.” पाऊस कमी झाला होता आणि विहिरींचे तळ दिसायला लागले होते. पुढच्या उन्हाळ्यात त्या मोटारी बंदच पडल्या.

दादा गळ्याला उपरणं गुंडाळून आले. आम्ही तिघं दिव्याकडे बघत बसलो. चार वाजून गेले तरी दिवा आपला लख्ख. मग लांबून घरघर ऐकू आली, दिवा पिवळा पडला, आणि काकांनी यंत्र सुरू केलं. दादांचाच आवाज, भरदार, खरखरीसकट. दादा मांडीवर ताल धरून ऐकत होते. एका जागी आपलीच ओळ घसरली तेव्हा त्यांनी तोंड वाकडं केलं. मी रडेन असं मला वाटलं होतं, पण नाही रडले. भजन चांगलं झालं होतं, ते ऐकत राहिले.

भजन संपलं. टाळ विरले. फीत फिरतच होती. आणि मग दादांचा आवाज आला, गाण्यातला नव्हे, रोजचा, घरातला.

“झालं का वो? चल गं बाई, यष्टी जाईल.”

तेव्हा मात्र मला हुंदका आवरेना. गाणं राहावं म्हणून मी एवढी धडपड केली होती. हा आवाज राहावा असं मला सुचलंसुद्धा नव्हतं. दादा उठले, पिशवी उचलली आणि दारात उभे राहून हाताने मला बोलवू लागले, कारण पाचची एसटी खरंच जवळ आली होती. काकांनी काही न विचारता फितीची चकती उलटी फिरवायला घेतली. दादांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि परत येऊन माझ्याशेजारी बसले.

ती एसटी आम्ही जाऊ दिली.