टाकीवरची लाल गाठ

आमच्या मिस्त्रींची सवयच होती: कुठलंही भांडं दिसलं की बोट वाकवून त्यावर टकटक करायची, कान जवळ न्यायचा आणि विचारायचं, "उरलं किती?" रांजण, घासलेटचा डबा, हॉटेलातली चहाची किटली, काहीही चालायचं. एकदा जेवून तृप्त बसलेल्या माझ्या पोटावरच त्यांनी टकटक केली आणि गंभीरपणे म्हणाले, "कारकूनसाब, अजून एका भाकरीची जागा हाय."

सेलूच्या एका जिनिंगमध्ये ते इंजिनावर मिस्त्री होते आणि मी कापसाच्या काट्यावर कारकून. राज्य निजामाचं होतं, मोठी लढाई अजून लागायची होती, आणि आमचे मिस्त्री जिनिंगमागच्या शेडमध्ये विमान बांधत होते. तुम्ही हसलात, ते कळलं मला. मीही हसलो होतो. मग आत जाऊन पाहिलं. बांबू आणि सागाचा सांगाडा, त्यावर ताणलेला मांजरपाट, मांजरपाटावर चिंचोक्याची खळ. पंखाला बोट लावलं तर डफासारखा आवाज आला. हसू जे थांबलं ते थांबलंच.

या सगळ्याला कारण झाले त्यांचे सासरे. एकदा मालकांची जुनी मोटार मागून घेऊन मिस्त्री बायकोसह सासुरवाडीला, झरीला निघाले. टाकीत पेट्रोल किती हे दाखवणारा काटा केव्हाच मेलेला. झरी नजरेत आली आणि मोटार थांबली. शेवटी बैल जुंपून ती गावात न्यावी लागली. मिस्त्री चाक धरून आत, वहिनी नव्या लुगड्यात चिखल तुडवत मागे, आणि वेशीवर सासरे उभे.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "मोटार लय झकास हाय. वैरण किती लागती तिला?"

त्या दिवसापासून टकटक सुरू झाली. आणि झरीवरून एकदा उडत जायचं, सासऱ्यांना मान वर करून बघायला लावायचं, हेही त्याच दिवशी ठरलं. पुढे मालकांनी ती मोटार मोडीत काढली. तिचंच इंजिन मिस्त्रींनी विमानाला बसवलं.

एकदा पोलिसांचे अमीनसाहेब शेडमध्ये डोकावले. "मिस्त्री, ये क्या बनारे?"

"पवनचक्की है, साब."

"इसको चाकां काहे को?"

"हवा जिदर, उदर ले जाने को."

अमीनसाहेबांनी मान डोलावली आणि पान खाऊन निघून गेले. त्यांना पटलं होतं की पटवून घ्यायचं होतं, हे मला आजवर उलगडलेलं नाही.

पण घरात अमीनसाहेबांपेक्षा कडक माणूस होतं. वहिनींनी बजावलं होतं, "टाकीत किती हाय ते मला कळलं पायजे. मला कळल्याबगर चाक हलवायचं न्हाई."

मिस्त्रींनी आकड्यांची सुंदर तबकडी केली. वहिनींना अक्षर येत नव्हतं, आकडाही नाही. त्यांनी तबकडीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "हे मला काय कळायलंय?"

"अगं, विमान तू चालवायलीस का मी?"

"तुमीच. पण तुमी गेल्यावर वाट मी बघायलेय ना."

तबकडी गेली. मग टाकीला बाहेरून काचेची नळी लावली. इंजिन सुरू केलं तर सगळं विमान हिवताप आल्यासारखं थरथरलं आणि नळीत नुसता फेस दिसला. तीही गेली. शेवटी मिस्त्रींनी टाकीत बुचाचा गोळा सोडला, त्यात एक तार उभी खोचली आणि ती सायकलच्या पंपाच्या नळीतून टाकीवर काढली. पेट्रोल कमी झालं की बूच खाली जाणार, तार नळीत उतरणार. बसल्या जागी समोर दिसेल, कितीही थरथर असली तरी.

आता तारेवर खुणा करायच्या होत्या. विमान जमिनीवर शेपूट टेकून बसतं आणि उडताना सरळ होतं, म्हणून शेपूट उचलून बैलगाडीवर ठेवलं. पेट्रोल महाग, म्हणून टाकीत पाणी घेतलं. वहिनी तांब्याने ओतत होत्या, मी कीर्तनकाराच्या थाटात तांबे मोजत होतो. अर्धी टाकी झाली तिथे वहिनींनी आपल्या फणीच्या पेटीतला लाल दोरा काढला आणि नळीच्या तोंडाशी तारेला गच्च गाठ मारली.

"ही गाठ नळीला टेकली की वळायचं. मग समोर झरी असू दे न्हाईतर इंदरसभा."

"वळतो," मिस्त्री म्हणाले.

"माझ्या गळ्याची आन."

"वळतो म्हणलं ना."

झरीला निरोप गेला. ठरल्या दिवशी सकाळी वहिनींनी तार बघितली, टाकी वाजवली आणि बाजूला झाल्या. विमान माळावरून उड्या मारत गेलं आणि शेवटची उडी खाली आलीच नाही. वहिनी बघत राहिल्या. मी दोनतीनदा काही विनोद करून बघितला.

किती वेळ गेला ते विचारू नका. आवाज आला, विमान आलं, उतरताना एक चाक मोडून आडवं झालं आणि मिस्त्री धोतर झटकत बाहेर पडले.

"झरी?" मी विचारलं.

"देवळाचा कळस दिसला. समोरून वारा होता. गाठ नळीला टेकली." त्यांनी बोट हवेत फिरवलं. "वळलो."

वहिनी पुढे झाल्या. त्यांनी टाकी वाजवली, पुन्हा वाजवली. मग पेट्रोल काढून मोजलं. झरीला वळसा घालून परत येण्याइतकं ते सहज होतं.

मिस्त्रींनी एका तांब्यात पाणी घेतलं, दुसऱ्यात पेट्रोल, आणि बुचाचा गोळा तारेसकट आधी यात सोडला, मग त्यात. पेट्रोलमध्ये तो पाण्यातल्यापेक्षा बोटभर जास्त बुडाला. आमची टाकी उथळ आणि पसरट. त्यात गाठ बोटभर आधी टेकली म्हणजे कितीतरी पेट्रोल बाकी.

"माझ्या गाठीनं घात केला तुमचा," वहिनी हळूच म्हणाल्या.

"गाठ बरोबर होती. पाण्यावर मोजलं अन् पेट्रोलवर उडालो, ते माझं चुकलं," मिस्त्री म्हणाले. मग हसायला लागले. "कमीच दावलं की गं. जास्त दावलं असतं तर?"

झरीत त्या दिवशी सगळं गाव मान वर करून थांबलं होतं. पुढच्या बाजारी सासरे मला भेटले. "जावयाचं इमान लय लाजाळू हाय," ते म्हणाले. "सासुरवाडी दिसली की माघारी पळतंय." मिस्त्रींना हे सांगितलं, तर त्यांनी माझ्या पाठीवर टकटक केली आणि कामाला लागले.

चाक दुरुस्त होईपर्यंत लढाई लागली. पेट्रोल दिसेनासं झालं. इंजिन एका मळ्यात पाणी उपसायला गेलं, मांजरपाटाची पोती झाली. निजाम गेला, आणि त्यानंतर काही वर्षांनी मिस्त्रीही गेले.

मध्यंतरी वहिनींकडे गेलो होतो. मोरीत विमानाची टाकी आहे. वहिनी तिच्यात सांडायचं, म्हणजे वापरायचं, पाणी भरतात. पंपाच्या नळीतून तार वर आलेली, दोरा विटलेला, पण गाठ तशीच. पाणी काढता काढता माझ्यासमोर ती नळीला टेकली.

वहिनींनी टाकी वाजवली, कान जवळ नेला आणि घागर उचलली.

"पाण्याला बरोबर दावती," त्या म्हणाल्या. "अर्धं उरलंय."