अळणी वरणाचं साल

त्या सालात पावसानं दोन्ही हंगामांत दगा दिला. गावातल्या दोन्ही विहिरी आटल्या आणि आमच्या वस्तीच्या तोंडाशी सरकारी बोअर पडला. त्याच सुमाराला आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ब्लडप्रेशर निघालं. निघालं असंच म्हणायला हवं, कारण त्यांना काहीच होत नव्हतं. मुरुमच्या दवाखान्यात त्या गेल्या होत्या पायात मोडलेल्या काट्यासाठी. डॉक्टरांनी काटा काढला आणि सहज म्हणून दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून पुन्हा बांधला.

"डोकं दुखतं का?"

"न्हाय."

"चक्कर येते?"

"न्हाय जी. काटा दुखत व्हता, त्यो तर तुमी काढला."

डॉक्टर मग माझ्याकडे वळले. मीठ निम्म्याहून कमी, लोणचं-पापड बंद, तंबाखूची मिश्री बंद, सकाळ-संध्याकाळ चालणं आणि रोज एक गोळी, कायमची. हा 'कायमची' शब्द आत्याबाईंच्या मनाला खटकला. एसटीत त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "दुखत न्हाय, खुपत न्हाय, आन् जन्माची गोळी? काय तरी गडबड हाय."

लग्न होऊन मला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. सातवीपर्यंत शिकलेली सून म्हणून घरात माझा थोडा मान होता आणि त्याच कारणानं थोडा शकही होता. मी लिहिलेलं वाचलेलं आत्याबाईंना कळायचं नाही. डॉक्टरांचा कागद मी वाचून दाखवला की त्या विचारायच्या, "एवढंच लिवलंय, का तुझ्या मनाचं काय घातलंस?"

पहिल्याच दिवशी अळणी वरण तोंडात घालून त्यांनी भाकरी खाली ठेवली. "हे जनावराला तरी घालशील का?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, आत्याबाई."

"डॉक्टरनं तुला सांगितलंय. मला न्हाय सांगितलं."

शेजारच्या काकूंनी त्यात तेल ओतलं. सून म्हाताऱ्या माणसाला चव देत नाही म्हणजे तिच्या मनात काय असेल ते ओळखावं, असं त्या बोअरवर चार बायांत बोलल्या आणि ते संध्याकाळपर्यंत घरी पोहोचलं. तेव्हापासून आत्याबाई माझं ताट आधी वाढायला लावत. मी दोन घास खाल्ले की मग त्या खात. तोंडानं काही म्हणत नसत, नुसत्या माझ्या घशाकडे बघत. असं कुणी आपल्याकडे बघत असताना घास गिळणं किती कठीण असतं, ते मला त्या दिवसांत कळलं.

माझे मालक गावच्या दूध सोसायटीत होते. दुधात कुणी पाणी घातलंय ते शोधायचं, हे त्यांचं काम. मी रडत गाऱ्हाणं सांगितलं तर म्हणाले, "डेअरीत सगळं गाव माझ्यावर चिडलेलं असतं. घरी आल्यावर तरी मला यात घालू नका."

महिन्यानं पुन्हा मुरुमला गेलो. प्रेशर होतं तिथंच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आजी चोरून मीठ खातात का? गोळ्या घेतात ना नक्की?"

गोळी त्या माझ्यासमोर घ्यायच्या, जीभ काढून दाखवायच्या. म्हणजे उरलं मीठ. आता शक करायची पाळी माझी होती, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचं बरंच वाटलं. मिठाची बरणी हलवून मी वरचं मीठ सपाट केलं आणि बोटानं एक रेघ ओढून ठेवली. मला लागेल तेवढं मीठ मी वेगळ्या वाटीत काढून घेतलं. रोज सकाळी जाऊन बघायची, तर रेघ जशीच्या तशी. मग मी त्यांची गोधडी झटकली. पदराच्या गाठी धुताना सोडून बघितल्या. पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर जेवण असायचं, तिथं त्यांच्या मागं बसून त्यांच्या पत्रावळीवर नजर ठेवली. त्यांनी खीर खाल्ली, लोणच्याला बोट लावलं नाही.

एका दुपारी त्या शेजारच्या काकूंकडे गेल्या. मी कुडाच्या मागं उभी राहिले. काकू म्हणत होत्या, "खा की वाईच. कैरीचं हाय. कोण बगतंय इथं?"

"नगं. बंद केलंय डॉक्टरनं."

"डॉक्टरनं का सुनेनं?"

"दोघांनी मिळून," आत्याबाई म्हणाल्या. "पर नगं. एकदा धरलंय तर धरलंय."

मी मागच्या मागं घरी आले. मीठ कुठून जातंय हे मला कळेना, आणि कुडामागं उभं राहिल्याची लाज काही जाईना.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर वैतागले नाहीत. त्यांनी कागद पुढं ओढला आणि मला म्हणाले, "सकाळी चूल पेटवल्यापासून काय काय टाकता, सगळं सांगा. काही सोडू नका."

मी सांगत गेले. ज्वारीच्या भाकरीत काही नाही. भाजीला तेल, लसूण, मिरची, मीठ नावाला. वरणाला हळद, सोडा.

"सोडा?"

"खायचा सोडा. बोअरचं पाणी जड आहे ना, त्यात डाळ शिजत नाही. दोन-दोन तास लाकडं जाळली तरी टणक राहते. म्हणून टाकते."

"किती?"

"चमचाभर. हरभऱ्याची असली तर जास्त."

"रोज?"

"दोन्ही वेळा."

त्यांनी पेन खाली ठेवला. "बाई, मिठात जे वाईट आहे तेच सोड्यातही आहे. खारट लागत नाही एवढंच. सगळं त्यानंच झालं असं मी म्हणत नाही, पण तुम्ही एका हातानं काढताय आणि दुसऱ्या हातानं घालताय."

आत्याबाई शेजारच्या स्टुलावर बसून ऐकत होत्या. माझ्या कानशिलांतून धग निघाली. एसटी फाट्यावर सोडून गेली, आम्ही गावाच्या रस्त्याला लागलो, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या,

"म्या मनात म्हणत व्हते, सून मारती. मग खरंच म्हणत व्हते की."

मी मान वर केली. त्या हसत नव्हत्या आणि चिडल्याही नव्हत्या. मला राहवलं नाही. "आत्याबाई, मी मिठाच्या बरणीत रेघ ओढून ठेवत होते."

"ठावं हाय मला. म्या बी रोज बगत व्हते."

"तुम्ही कशाला?"

"दुसऱ्या कुनी मोडली असती, तर नाव माझंच आलं असतं." थोडं चालून त्या म्हणाल्या, "तू कुडामागं उभी व्हतीस, ते बी दिसलं व्हतं. पाय दिसत व्हते तुजे."

त्यानंतर सोडा बंद झाला. डाळ आदल्या संध्याकाळीच भिजत घालायची. पण जड पाण्यात तेवढ्यानं भागेना. माळाकडच्या एका शेतातल्या विहिरीला थोडं गोडं पाणी होतं, पाऊण कोसावर. शेतवाले आम्हाला पाण्याला हात लावू देतील का, याची मला खात्री नव्हती. आत्याबाईंना तर मुळीच नव्हती. त्यांनी जुने दिवस पाहिले होते. पहिल्या दिवशी आम्ही दोघी घागरी घेऊन बांधावर बराच वेळ नुसत्या उभ्या राहिलो. शेवटी शेतवाल्याची बायकोच म्हणाली, "घ्या की, उभ्या कामून?" तरी आत्याबाईंनी पहिले आठ दिवस पोहरा मलाच सोडायला लावला. पुढं त्या स्वतः सोडू लागल्या. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं अशा रीतीनं सुरू झालं. नुसतं रिकामं चालायचं म्हटलं असतं, तर त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नसत्या.

मिश्री सुटायला मात्र वर्ष लागलं. त्या बाबतीत 'सोडली' म्हणून सांगत त्यांनी मला सरळ फसवलं, आणि ते मला फार उशिरा कळलं.

दोन महिन्यांनी प्रेशर उतरलं. डॉक्टर खूश झाले, पण आत्याबाईंनी दुसरा दंड पुढं केला. "हिकडून बगा." तिथंही तेवढंच आलं. मग म्हणाल्या, "हिचं बगा." माझा आकडा वेगळा आला, तेव्हा कुठं त्यांनी पट्ट्यावर विश्वास ठेवला, तोही तेवढ्या दिवसापुरता.

पुढं त्या पुष्कळ वर्षं जगल्या. गोळी शेवटपर्यंत चालू होती. एकदा औषधाच्या दुकानदारानं नेहमीच्या पांढरीच्या जागी गुलाबी गोळी दिली, तेव्हा औषध तेच आहे असं मी हजार वेळा सांगूनही त्यांनी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्या एकट्या मुरुमला गेल्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, आणि त्यांच्याच टेबलावरचं पाणी मागून तिथंच ती गिळून आल्या.