ट्रेमधली सुती घडी

रुग्णालयाच्या तळघरातल्या निर्जंतुकीकरणाच्या खोलीत त्यांनी बावीस वर्षं वाफेचं यंत्र चालवलं. त्या यंत्राला सगळे भट्टी म्हणत, म्हणून त्या भट्टीबाई. दार उघडल्यावर तोंडावर धग आली की हत्यारं शुद्ध झाली, हे त्यांना तक्त्याकडे न बघता कळायचं.

दोन वर्षांपूर्वी शेजारी प्लाझ्माचं यंत्र आलं. गुडघ्यात किंवा मूत्राशयात घालायच्या दुर्बिणींना वाफ सोसत नाही, भिंगांचा जोड सुटतो. नव्या यंत्रात आधी आतली हवा ओढून घेतात, मग हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडतात आणि विजेच्या जोरावर तिचा जांभळट चमकणारा प्लाझ्मा होतो. पन्नास अंशांच्या आसपास तासाभरात काम संपतं. दुर्बीण बाहेर येते ती कोमट.

"पोराच्या आंघोळीचं पाणी याहून कढत असतं," भट्टीबाई म्हणायच्या. पण यंत्र नीट शिकल्या आणि चालवायलाही लागल्या.

पलीकडच्या सिंकवर हत्यारं धुणारा माणूस चाळिशीचा, कंत्राटी. दिवसभर मान वाकवून उभा असायचा म्हणून त्याला बगळा म्हणत.

"काय बगळोबा, लागला का मासा?"

"लागला असता तर तुमच्या भट्टीत भाजायला दिला असता, बाई."

नऊ वर्षं दोघं एकाच टेबलावर डबा खात होते.

दुर्बिणीचं टोक नाजूक असतं. भट्टीत नाजूक हत्यार ठेवताना भट्टीबाई त्याच्या टोकाखाली सुती कापडाची घडी ठेवत आल्या होत्या. या घड्या त्यांचे यजमान घरी शिवून द्यायचे. ते जुने शिंपी. धागा सुटू नये म्हणून चारही कडा दुमडून बारीक टीप मारायचे. नव्या यंत्रावर सूचना चिकटवली होती: सुती कापडात किंवा कागदात गुंडाळू नये. भट्टीबाई गुंडाळत नव्हत्या. दुर्बीण त्या ठरवून दिलेल्या प्लास्टिकच्या पाकिटातच घालायच्या. फक्त ट्रेमध्ये टोकाखाली घडी ठेवायच्या.

कापूस पेरॉक्साइड पिऊन टाकतो. कापड जास्त असेल तर यंत्र आपणहून थांबतं, थोडं असेल तर थांबत नाही. एरवी एका वेळी एक दुर्बीण असायची. त्या मंगळवारी तीन होत्या, म्हणजे तीन घड्या. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला, म्हणजे वाफ पोचली असं धरलं गेलं. दुर्बिणी वर शस्त्रक्रियेला गेल्या.

प्रत्येक फेरीत जिवंत जंतूंची एक कुपी ठेवतात आणि नंतर ती उबेत ठेवून बघतात, जंतू मेले की वाढले. निकाल दुसऱ्या दिवशी येतो. तोवर दुर्बिणी थांबवून ठेवाव्यात असा नियम आहे. शस्त्रक्रियांची यादी लांब असली की तो पाळला जात नाही. बुधवारी सकाळी कुपी पिवळी झालेली होती. जंतू वाढले होते.

तीनपैकी दोन रुग्णांना काही झालं नाही. तिसरा शाळेच्या बसचा ड्रायव्हर. सहाव्या दिवशी त्याच्या गुडघ्यात पू झाला. दोनदा उघडून धुवावा लागला. आता तो पाय वाकणार नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी लिहिलं.

चौकशी लागली. इंजिनिअरने रिकामं यंत्र चालवून पाहिलं, दोष नव्हता. मग तो म्हणाला, "आत ओल गेली असेल. नाहीतर कापूस, कागद असं काही. एवढंसं असलं तरी पुरतं."

"कापूस कुठून येणार?" विभागाच्या सिस्टर म्हणाल्या. "ओलच असणार. दुर्बिणी पुसतो कोण?"

सगळ्यांनी सिंककडे पाहिलं. बगळ्याचा हात पाण्यातच राहिला.

भट्टीबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांना त्या क्षणी कळलं. दुपारी खोलीत कुणी नसताना त्यांनी खणातल्या घड्या पिशवीत भरून घरी नेल्या.

"परत का आणल्यास?" यजमानांनी विचारलं.

"आता लागत नाहीत."

"शिवण उसवली का?"

"नाही हो. शिवण चांगली आहे."

निवृत्तीला चौदा महिने होते. चार दिवस त्या गप्प राहिल्या. रोज डबा उघडला, बगळ्याच्या समोर बसल्या. तो तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बाई, मी पुसल्या होत्या. हवेच्या नळीने आतूनही सुकवल्या होत्या. तुम्ही तरी सांगा त्यांना."

"सांगेन," त्या म्हणाल्या आणि पोळीचा तुकडा मोडला.

पाचव्या दिवशी कंत्राटदाराचा माणूस बगळ्याचं ओळखपत्र परत घ्यायला आला. भट्टीबाईंनी हातमोजे काढले आणि वर जाऊन सिस्टरांच्या टेबलावर एक घडी ठेवली.

सिस्टरांनी ती उलटसुलट करून पाहिली. "किती दिवस ठेवत होतात?"

"यंत्र आल्यापासून."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"आणि हे आज सांगताय." सिस्टरांनी फोन उचलला. "बसा. नाही, उभ्याच राहा."

बगळ्याचं काम टिकलं. भट्टीबाईंची बदली चादरी मोजण्याच्या खोलीत झाली. पुढचं चौकशी समिती ठरवणार होती. ड्रायव्हरला रुग्णालयाने जंतुसंसर्ग झाला एवढंच कळवलं. तो का झाला, हे त्याला कुणी सांगितल्याचं कागदपत्रांत दिसत नाही.

सामान न्यायला त्या तळघरात आल्या तेव्हा बगळा सिंकवर होता.

"तुझं काम वाचलं ना, भाऊ," त्या म्हणाल्या.

"वाचलं." त्याने नळ बंद केला नाही. "पाच दिवस घरात बायको माझ्याकडे बघत नव्हती. तिला वाटलं, त्या माणसाचा पाय माझ्यामुळे गेला. मलाही वाटायला लागलं होतं. आणि तुम्ही समोर बसून जेवत होतात."

त्या आपलं सामान पिशवीत भरू लागल्या.

"डबा तेवढा घेऊन जा," तो म्हणाला. "टेबल लागतं मला."