निम्मा कोयता

दसरा होऊन गेला आणि सुभद्रा वर्गात यायची बंद झाली. अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, ती एकटीच मुलगी होती. कर्जत तालुक्यातल्या त्या हायस्कुलात मी गणित शिकवायचे आणि अकरावीची वर्गशिक्षिकाही मीच. पोरगी गणितात पक्की होती. मॅट्रिक झाली की डी.एड. करून ही मास्तरीण होणार, असं मी मनाशी धरूनच चालले होते. परीक्षा मार्चमध्ये, आणि बाप तिला ऊसतोडीला घेऊन निघालेला. माझं डोकं फिरलं.

हेडसरांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, दर दसऱ्यानंतर निम्मी शाळा फडात जाते. तुम्ही कुणाकुणाला अडवणार?"

"एकीला तरी अडवते."

"अडवा. पण तुमच्या जबाबदारीवर. शाळेला मध्ये घेऊ नका."

त्या साली पावसानं पाठच फिरवली होती. बाजरी वीतभर वाढून करपली होती. कोल्हारकडच्या बागायतीत मात्र ऊस उभा होता, म्हणून सगळी वस्ती तिकडे निघायच्या तयारीत होती. मी गेले तेव्हा सुभद्राचे वडील, आबा, अंगणात बसून फडावरच्या झोपडीसाठी चटया गुंडाळत होते.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. कोयता म्हणजे जोडी. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. मजूर गोळा करणारा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. आबा आणि त्यांची बायको हा एक कोयता झाला. मोठा मुलगा रंगनाथ आता कर्ता झाला होता, पण त्याला जोडी नव्हती. म्हणून बहीण.

आबा रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, पोरगी शिकावी आसं मला वाटत न्हाई व्हय? पन निम्मा कोयता कुनी घेत न्हाई. रंग्यानं हितं एकल्यानं ऱ्हाऊन काय माती खावी?"

मी पुष्कळ बोलले. सुभद्रा माझ्या खोलीवर राहील, माझ्याबरोबर जेवेल, तुम्हाला कसली तोशीस नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तरी उठले नाही, अंधारून येईपर्यंत तशीच बसून राहिले. शेवटी चुलीपाशी बसलेली तिची आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तिला बाईंकडं. रंग्याचं आमी बगतो."

पेटी घेऊन सुभद्रा माझ्याकडे आली. स्टाफरूममध्ये हेडसरांनी माझ्या नावानं चहा मागवला. बाईंनी गड जिंकला म्हणाले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

काही दिवसांनी सातवीच्या वर्गावर गेले, तर कौसल्या जागेवर नव्हती. वय जेमतेम तेरा. उत्तर आलं की बाकावरून अर्धी उठायची, अशी मुलगी. कुठं गेली म्हणून विचारलं तर पोरी एकमेकींकडे बघून हसल्या. तिचं लग्न झालं म्हणे. अजून तुळशीचं लग्न लागलं नव्हतं आणि त्याआधी आपल्याकडे मांडव घालत नाहीत. पण कारखान्याचं गाळप मुहूर्तासाठी थांबत नाही. घाईघाईनं हळद लावून उरकून टाकलं होतं.

तणतणत खोलीवर आले आणि सुभद्राला सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्या दादासंगंच झालंय, बाई. माज्या जागी ती गेलीया."

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय करू? मलाच जावं लागलं असतं."

दुसऱ्या दिवशी हेडसरांना म्हटलं, पोलिसात कळवू, एवढ्या लहान मुलीचं लग्न हा गुन्हा आहे. ते म्हणाले, "पोलीसपाटील स्वतः अक्षता टाकायला होते, बाई. कुणाला कळवता?"

जूनमध्ये रिझल्ट लागला. सुभद्रा सेकंड क्लासमध्ये पास झाली. तोवर फडावरून सगळे परतले होते, म्हणून तिला घेऊन मी वस्तीवर गेले. आबांचे डोळे भरून आले. आईनं माझ्या हातावर गूळ ठेवला. कौसल्या पाण्याची घागर घेऊन आली. अंगानं वाळली होती, हातावर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. घागर उतरवून ती माझ्याजवळ आली आणि तिनं हळूच विचारलं, "बाई, पटावर माजं नाव हाय का वो अजून?"

नाव कधीच काढलं होतं. सलग गैरहजर राहिलं की काढतात, नियमच आहे. मी खरं ते सांगितलं.

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "मला फडात वाटायचं, रोज माजी गैरहजरी पडत आसंल."

सुभद्रा पुढे मास्तरीण झाली, तालुक्यातच नोकरी केली. कौसल्या दर दसऱ्याला फडावर जात राहिली. मी चुकले असं मला वाटत नाही. तशी वेळ आली तर पुन्हा त्या अंगणात जाऊन बसेन. मात्र नव्या शिक्षकांना एवढंच सांगते, एखाद्या मुलीला कामावरून सोडवून वर्गात आणाल, तेव्हा तिच्या जागी कोण जाणार आहे ते उठण्याआधी विचारून घ्या. ती जागा रिकामी राहत नाही.